सांबर पाण्यात आणि कोळसून काठावर

नमस्कार मंडळी. जानेवारीत ताडोब्यात सकाळच्या सफारीला गेलो होतो, थंडी अशी की जिप्सीत सगळे ब्लँकेट गुंडाळून बसलेले, आणि एका तळ्याच्या वळणावर ड्रायव्हरने गाडी बंद केली. पाण्यात एक सांबर उभं होतं. चांगला मोठा नर, पोटापर्यंत पाण्यात, मानेवरचे केस ताठ, आणि एक पाय सारखा आपटत होता, पाणी उडत होतं. काठावर सात कोळसून, म्हणजे रानकुत्रे. तांबूस अंग, झुपकेदार काळपट शेपूट, आणि भुंकणं वगैरे काही नाही, दोघं तर चक्क गवतात आडवे पडलेले. आमचा गाईड हळूच म्हणाला, "बसून राहतेत आता, त्याले बाहेर यावंच लागन."

गाडीत एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती, तिने आईला विचारलं की एवढीशी कुत्री एवढ्या मोठ्या जनावराला मारू शकतात का गं? मला तो प्रश्न तेव्हापासून सोडत नाहीये, म्हणून आज तुमच्याशी त्याच्यावरच बोलतो.

आधी वजन बघू. कोळसून, काही भागात त्याला कोळसुंदा म्हणतात, त्याचं वजन साधारण 12 ते 20 किलो. म्हणजे आपल्या गल्लीतल्या कुत्र्याएवढाच. सांबराचा मोठा नर 250 ते 300 किलोपर्यंत जातो. एकास एक बघितलं तर हा सामनाच नाही, सांबराची एक लाथ बसली तर कोळसून संपला. 1999 साली प्राणीशास्त्रज्ञांनी जगभरच्या मांसभक्षक प्राण्यांचा हिशोब मांडला होता, त्यात असं दिसलं की साधारण 21 किलोच्या खालचे शिकारी मुख्यतः आपल्याहून बरीच लहान शिकार करतात, आणि त्याच्या वरचे मोठ्या शिकारीकडे वळतात. कारण अगदी पोटाचं आहे. मोठ्या शरीराला उंदीर-किडे पकडून पुरत नाही, आणि लहान शरीराला मोठ्या जनावराशी झुंजायची रिस्क परवडत नाही, पाय मोडला की उपासमार.

आता कोळसून या रेषेच्या खालचा, तरी सांबर मारतो, हे कसं? माझं म्हणणं असं आहे की आपण मोजतोच चुकीचं. आपण एक कोळसून धरतो. खरं तर शिकार करणारा प्राणी म्हणजे अख्खी टोळी, सात जणांची धरली तरी 100 किलोच्या वर वजन झालं, आणि त्या 100 किलोला सात तोंडं आहेत, सात बाजूंनी येतात आणि जखम झाली तर एकालाच होते. सांबराला शिंगं मात्र एकाच बाजूला.

मारायची पद्धतही वेगळी. वाघ-बिबट्या गळा धरतात, मानेचा चावा, त्याला ताकद लागते, मोठा जबडा लागतो. कोळसुनाकडे ते नाहीच. मग एक जण मोठ्या जनावराचं नाक धरतो, बाकीचे मागून, मांडीला, बगलेला, पोटाला, आणि जनावर खाली आलं की मरायची वाट न बघता खायला सुरुवात. रक्त जातं, शॉक बसतो. 50 किलोचं हरीण दोन-तीन कोळसून दोन मिनिटांच्या आत संपवतात. दातसुद्धा त्याच कामाचे, साध्या कुत्र्याला 42 दात, कोळसुनाला 40, खालच्या जबड्यात दोन्हीकडे एकेक दाढ कमी, आणि जी मांस कापायची दाढ आहे तिची धार कात्रीसारखी. म्हणजे पटापट कापून गिळायचं, कारण वास लागला की वाघ किंवा बिबट्या येणार.

हे बघायला भयानक वाटतं, मान्य आहे. पण याच कारणावरून इंग्रजांच्या काळात कोळसुनाला क्रूर ठरवलं, मारणाऱ्याला बक्षीस दिलं जायचं, आणि हजारोंनी मारले, 1972 चा वन्यजीव कायदा आला तेव्हा कुठे थांबलं. मला याचा मनापासून राग येतो. छोट्या तोंडाचा प्राणी मोठं जनावर दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मारणार होता, सांगा ना. लोकांनी तर गोष्टी पण रचल्या, की कोळसून शेपटी मुतात भिजवतो आणि जनावराच्या डोळ्यात उडवून आंधळं करतो. गावोगाव ऐकलंय मी हे. तसं काही नसतं. पण ही गोष्ट का निर्माण झाली ते कळतं, एवढ्याशा कुत्र्याने सांबर पाडलेलं बघितल्यावर माणसाला काहीतरी जादू असणार असंच वाटतं.

आणि रोज काय सांबराचा मोठा नरच मारतात असं अजिबात नाही बरं का. 1970 च्या दशकात वन्यजीव अभ्यासक ए. जे. टी. जॉनसिंग यांनी कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलात कोळसुनांच्या मागे फिरून अभ्यास केला, त्यांना मुख्य शिकार सापडली ती चितळ. आपल्याकडे दाजीपूर-राधानगरीला गवे आहेत, पूर्ण वाढलेला नर 800-900 किलोचा, त्याच्या वाटेला कोळसून सहसा जात नाही, पिल्लू मागे राहिलं तर बघतो. म्हणजे पाडू शकतो आणि पाडतो यात फरक आहे, आणि कुणाला सोडून द्यायचं हे कळणं हा पण शिकारीचाच भाग.

ज्यांना अशी मोठी टोळी नसते, ते बऱ्याचदा जमिनीची मदत घेतात. उत्तरेकडच्या बर्फाळ देशांत वुल्व्हरिन नावाचा प्राणी आहे, 10 ते 18 किलोचा, तो रेनडिअर मारतो, पण कधी, तर बर्फ खोल असताना. त्याचे पंजे रुंद, तो वरून चालतो, रेनडिअरचे खूर आत रुततात. रशियाच्या पूर्व टोकाला पिवळ्या गळ्याचा मार्टेन, मुंगसासारखा लांब अंगाचा प्राणी, जो आपल्या हिमालयातही आहे, तो तीन-चार किलोचा असून 10-12 किलोच्या कस्तुरीमृगाला गोठलेल्या नदीवर हाकलतो, तिथे खूर घसरतात. आणि युरोपातला स्टोट, तसाच लांबोडका, पाव किलोचा, किलो-दीड किलोच्या सशाच्या मानेला मागून चावतो आणि सोडतच नाही.

आता त्या तळ्यावर परत येतो. ते सांबर पाण्यात का गेलं हे आता लक्षात येईल, पोटापर्यंत पाण्यात त्याचे पाय जमिनीला टेकतात आणि कोळसुनाला पोहावं लागतं, पोहणाऱ्याला नाक धरता येत नाही आणि मागून उडी मारता येत नाही. म्हणजे जमिनीची मदत यावेळी सांबराने घेतलेली. अजून चार पावलं आत गेलं असतं तर तेही पोहायला लागलं असतं, आणि मग गणित उलटं, कोळसून पाण्यात घाबरत नाहीत, वेढा घालतात. ते बरोब्बर त्या खोलीवर उभं होतं. चाळीस मिनिटं झाली, आडव्या पडलेल्यांपैकी एक उठला, शीळ घातली, हो, कोळसून शीळ घालतात, बारीक, पक्ष्यासारखी, दाट झाडीत एकमेकांना सापडायला, आणि एकामागोमाग एक सगळे बांबूत शिरले. सांबर हललं नाही. पाय आपटणं थांबलं एवढंच.

तुम्ही ताडोब्याला, पेंचला किंवा कोयना-चांदोलीच्या बाजूला गेलात आणि अशी शीळ ऐकू आली तर ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा, आणि नशिबाने शिकार झालेली दिसली तर कोण खातंय ते बघा. पिल्लं टोळीबरोबर असतील तर ती आधी खातात, मोठे बाजूला उभे राहून त्यांच्यासाठी पहारा देतात.