लेकरू की मोलकरी?

श्रोतेहो, नमस्कार.

'ख्रिस्ती' हा शब्द नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, फक्त ३ वेळा येतो. दोनदा प्रेषितांच्या कृत्यांत आणि एकदा पेत्राच्या पहिल्या पत्रात. शिष्यांना हे नाव पहिल्यांदा अंत्युखिया शहरात पडलं, आणि ते बहुधा बाहेरच्यांनीच ठेवलं. 'ख्रिस्तामध्ये', 'त्याच्या ठायी' हे शब्द मात्र प्रेषित पौलानं पहिल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत पानोपानी भेटतात. इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातली ३ ते १४ ही वचनं मूळ ग्रीकमध्ये एकाच दमातलं वाक्य आहेत, सुमारे २०० शब्दांचं. तेवढ्यात हा 'ख्रिस्तामध्ये' दहाएक वेळा येऊन जातो. पहिल्या विश्वासणाऱ्यांना आपण कोण, यापेक्षा आपण कोणामध्ये आहोत, हे सांगणं जास्त गरजेचं वाटत होतं. आजचं बोलणं त्याबद्दलच आहे.

'मी कोण?' असं विचारलं की आपण पटकन नाव, शिक्षण, नोकरी, घराणं सांगतो. पौलाकडेही अशी यादी होती. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ती ७ कलमांची आहे. आठव्या दिवशी सुंता, इस्राएल वंश, बन्यामीनाचं कूळ, इब्र्यांचा इब्री, ही ४ जन्मानं मिळालेली. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा असणं, ख्रिस्ती मंडळीचा छळ करण्याइतका आवेश, नियमशास्त्राच्या बाबतीत निर्दोषपणा, ही ३ त्यानं स्वतः कमावलेली. पुढे तो चक्क जमाखर्चाची भाषा वापरतो: जे लाभाचं होतं ते हानीच्या खात्यात टाकलं. इतकंच नाही, केरकचरा समजलो.

इथे अनेकांची गफलत होते. पौलानं आपलं कूळ नाकारलेलं नाही. रोमकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात तो अजूनही स्वतःला बन्यामीनाच्या वंशातलाच म्हणवतो. बदल झाला तो त्या गोष्टींवर टाकलेल्या भारात. विश्वासात आल्यावर तुमची भाषा, स्वभाव, हातातली कला पुसली जात नाही. फक्त घराचं सगळं वजन त्यांनी पेलायचं, ही सक्ती संपते.

मग वजन पेलतं कोण? येशूचं चरित्र सांगणाऱ्या मत्तयाच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी येशूचा बाप्तिस्मा होतो आणि आकाशातून वाणी येते: हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर येशूनं एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही. चौथ्या अध्यायात परीक्षा घेणारा, म्हणजे सैतान, येतो आणि म्हणतो, तू देवाचा पुत्र आहेस तर या धोंड्यांच्या भाकरी कर. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. 'परमप्रिय' गळलाय आणि 'तर' शिरलाय. काहीतरी करून दाखव, म्हणजे तू कोण ते सिद्ध होईल. आपल्या डोक्यातलं बरंचसं बोलणं याच 'तर'वर चालतं, नाही का? येशूनं भाकरी केली नाही. बापानं आधीच सांगितलेलं त्याला पुरेसं होतं.

लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातला, येशूनं सांगितलेल्या गोष्टीतला उधळ्या मुलगा सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणूनच तो घाईनं वाचला जातो. बापाकडून आपला वाटा घेऊन हा धाकटा घर सोडून गेला, सगळं उधळलं आणि शेवटी डुकरं चारायची वेळ आली. डुकरांजवळ बसून त्यानं तीन वाक्यांचं भाषण जुळवलं. एक, मी स्वर्गाविरुद्ध व तुमच्यासमोर पाप केलं आहे. दोन, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही. तीन, मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. आता २१वं वचन उघडा. बापाच्या मिठीत तो पहिली दोन वाक्यं बोलतो. तिसरं तोंडातच राहतं. बाप चाकरांकडे वळलेला असतो: उत्तम झगा आणा, हातात अंगठी घाला, पायांत जोडा घाला. पापाची कबुली बापानं ऐकून घेतली. मोलमजुरीचा अर्ज मात्र ऐकलाच नाही.

खरी गुंतागुंत थोरल्या भावाची आहे. तो घर सोडून गेला नव्हता. तरी २९व्या वचनात त्याचं पहिलं वाक्य काय? मी इतकी वर्षं तुमची सेवाचाकरी करत आहे. धाकटा मोलकरी व्हायला आला होता, थोरला घरातच मोलकरी होऊन राहिला होता, हजेरी मांडत. भावाला तो भाऊही म्हणत नाही. 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. बाप हळूच दुरुस्त करतो: 'हा तुझा भाऊ.' आपण कोणाचे आहोत हे विसरलं की शेजारचाही परका होतो. मंडळीत वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्यांना, पाळकांना, संडेस्कूलच्या शिक्षकांना धोका असतो तो धाकट्याचा कमी आणि थोरल्याचा जास्त, असं माझं मत आहे. सेवा थांबली, पद गेलं, आजारपण आलं की त्यांना आपण कोणीच नाही असं वाटू लागतं. येशूनं गावोगावी पाठवलेले सत्तर शिष्य यशस्वी होऊन परतले तेव्हा येशूनं त्यांना नेमकं याबद्दलच सावध केलं: भुतं वश होतात याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना.

यासाठी पौलानं आणखी एक शब्द घेतला, दत्तकपण. मूळ ग्रीक शब्द नव्या करारात ५ वेळा येतो, पाचही वेळा पौलाच्या पत्रांत. रोमी समाजात दत्तक घेतलेला बहुधा वयात आलेला पुरुष असे. त्याला नव्या घराचं नाव मिळे आणि वारसा मिळे. म्हणजे त्याचा भूतकाळ, त्याचे गुणदोष ठाऊक असूनच त्याला घेतलेलं असे. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय म्हणतो, तुम्हाला पुन्हा भीती बाळगायला लावणारा दास्याचा आत्मा मिळालेला नाही, तर ज्याच्या योगानं आपण 'अब्बा, बापा' अशी हाक मारतो तो मिळाला आहे.

हे कळणं आणि अंगवळणी पडणं यांत अंतर आहे, म्हणून आता थोडं कामाचं बोलू.

एक वही घ्या. 'मी कोण?' याची १० उत्तरं लिहा, फार विचार न करता. मग प्रत्येकापुढे लिहा, हे माझ्याकडून कोण किंवा काय काढून घेऊ शकतं. निवृत्ती, अपघात, लोकांचं मत, वय. खाडाखोड करू नका, नुसतं लिहा. बहुतेकांच्या वहीत ८-९ ओळींपुढे काही ना काही येतंच. ही उत्तरं खोटी नाहीत. फक्त ती पाया व्हायला पुरणार नाहीत, हे आपल्याच अक्षरात दिसतं.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर इफिसकरांस पत्राचे पहिले ३ अध्याय वाचा, मोठ्यानं. एकूण ६६ वचनं, दहाएक मिनिटं लागतात. 'ख्रिस्तामध्ये', 'त्याच्यामध्ये' आलं की पेन्सिलनं रेघ मारा. निवडलेलं, दत्तक घेतलेलं, खंडणी भरून सोडवलेलं, शिक्का मारून मुद्रित केलेलं, ही क्रियापदं वेगळी लिहून काढा आणि बघा, करणारा कोण आहे. आठवडा संपेपर्यंत चौथ्या अध्यायाकडे वळू नका. असं का सांगतो? पहिल्या तीन अध्यायांत आज्ञा जवळपास नाहीतच. 'आठवण करा' एवढी एक सापडते. चौथ्यापासून मात्र आज्ञांची रांग लागते: खोटं टाकून द्या, चोरी करू नका, रागात पाप करू नका. उलट्या क्रमानं वाचणारा माणूस आज्ञा पाळून लेकरू व्हायला बघतो. ते जमत नाही, आणि मग तो एकतर ढोंगी होतो किंवा खचतो.

मनात दोष देणारा आवाज उठला तर त्याची एक परीक्षा करा. पवित्र आत्मा पापाची जाणीव करून देतो तेव्हा ती नेमकी असते: काल अमक्याशी तू खोटं बोललास. त्यावर मार्ग असतो: कबूल कर, जाऊन माफी माग. आरोप करणारा आवाज मोघम असतो: तू असाच आहेस, तुझं काही होणार नाही. पहिल्याला योहानाच्या पहिल्या पत्रातल्या पहिल्या अध्यायाचं ९वं वचन उत्तर देतं: आपण पापं कबूल केली तर देव क्षमा करतो. दुसऱ्याशी वाद घालत बसू नये. आणि मनावरचं मळभ आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर डॉक्टरांकडे जा; तो विश्वासाचा तुटवडा समजू नका. जुन्या करारातला संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवानं त्याला आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं. प्रश्न विचारले ते नंतर, होरेब डोंगरावर.

आणखी एक चूक हल्ली फार दिसते. आरशासमोर 'मी राजपुत्र आहे, मी विजयी आहे' असं घोकणं. शब्द शास्त्रातले असले तरी त्यातला 'ख्रिस्तामध्ये' गळला की उरते ती आत्मस्तुतीच, आणि ती पहिल्या अपयशाला कोसळते. कलस्सैकरांस पत्र तर म्हणतं, तुमचं जीवन ख्रिस्ताबरोबर देवामध्ये गुप्त ठेवलेलं आहे. म्हणजे सगळं काही आज आरशात दिसेलच असं नाही.

हे एकट्यानं करण्याचं काम नाही. मंडळीतलं एखादं विश्वासू माणूस गाठा, जे तुमची चूक ऐकूनही तुम्हाला भाऊ किंवा बहीणच म्हणेल. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, जा, तिथे भाकर हातात पडते तेव्हा कोणी लायकीचा दाखला मागत नाही. आपल्याला नुसता हात पुढे करायचा असतो.

आणि आज रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना पहिल्या संबोधनापाशीच थांबा. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या.' रोजची भाकर, पापांची क्षमा, परीक्षेपासून सुटका, सगळी मागणी पुढे आहे. घाई करू नका. 'आमच्या' म्हणताना आणखी कोण कोण त्यात आलं, ते एकदा मोजा, आणि मग पुढच्या ओळीकडे वळा.

नमस्कार.