खुर्चीवरून दिसणारं टेबल

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर ‘जिद्दीची कहाणी’ असं छापलंय. छापू दे. पण जिद्द पहिल्या फेरीत हरणाऱ्याकडेही असते. भाविना पटेल यांनी टोकियो पॅरालिम्पिकमध्ये रौप्यपदक आणलं ते त्या टेबल टेनिस चांगलं खेळल्या म्हणून, आणि मला आज त्या खेळाबद्दल बोलायचंय.

चाकाच्या खुर्चीत बसून खेळायचं टेबल टेनिस ही उभ्या खेळाची सौम्य आवृत्ती आहे, असं अनेकांना वाटतं. टेबल तेच, २.७४ मीटर लांब. जाळीही तीच. उभा खेळाडू जाळीजवळचा चेंडू पुढे झेपावून उचलतो. खुर्चीतला माणूस तिथे पोहोचूच शकत नाही. शिवाय खेळ चालू असताना आसनावरून उठायचं नाही, पाय जमिनीला लावायचे नाहीत. म्हणजे जाळीपाशी अलगद सोडलेला, उलट्या फिरकीने मागे वळणारा चेंडू हा इथे स्मॅशइतकाच जीवघेणा. हे शस्त्र सर्व्हिसमध्ये वापरता आलं असतं तर रॅली झालीच नसती. म्हणून नियम असा की एकेरीत सर्व्हिसचा चेंडू समोरच्याच्या बाजूला टप्पा घेऊन जाळीकडे परत वळला, तिथेच थांबला किंवा बाजूच्या रेषेवरून निघून गेला, तर तो लेट, म्हणजे गुण कुणालाच नाही, सर्व्हिस पुन्हा. सर्व्हिस टेबलाच्या मागच्या कडेनेच बाहेर पडायला हवी. रॅली सुरू झाली की मात्र कोन, फिरकी, आखूड टप्पा, सगळं खुलं.

पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ १९६० पासून आहे. ऑलिम्पिकमध्ये तो आला १९८८ला! खुर्चीवरच्या खेळाडूंचे १ ते ५ असे गट असतात, आकडा वाढेल तशी हालचालीची मुभा जास्त. भाविनाबेन चौथ्या गटात. हात पूर्ण चालतात, कमरेतून तोल बऱ्यापैकी सांभाळता येतो, पण पायांचा आधार नाही.

मेहसाणा जिल्ह्यातलं सुंढिया हे त्यांचं गाव, जन्म १९८६चा. वर्षाच्या असताना पोलिओ झाला. वडिलांचं गावात छोटं दुकान. संगणकाचा कोर्स करायला त्या अहमदाबादच्या अंधजन मंडळात आल्या, आणि तिथे टेबल टेनिस भेटलं. प्रशिक्षक ललन दोशी. २०११ मध्ये थायलंडच्या स्पर्धेत रौप्य मिळालं आणि त्या जागतिक क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचल्या. तेव्हा किती वर्तमानपत्रांनी बातमी छापली असेल, तुम्हीच अंदाज करा.

आता टोकियो, ऑगस्ट २०२१. साखळी फेरीतला पहिलाच सामना चीनच्या झोउ यिंगशी. ३-११, ९-११, २-११. अशा सुरुवातीनंतर माणूस परतीची बॅग भरायला घेतो. दुसऱ्या सामन्यात ब्रिटनची मेगन शॅकल्टन. या सामन्याबद्दल कुणी बोलत नाही, पण माझ्या मते खरी परीक्षा इथेच झाली. एकेक गेम बरोबरीत, तिसरी गेम १७-१५, चौथी १३-११. तिसरी निसटली असती तर आज मी इथे उभा नसतो.

बाद फेरीत ब्राझीलची खेळाडू, मग उपांत्यपूर्व फेरीत सर्बियाची बोरिस्लावा पेरिच रँकोविच, म्हणजे आधीच्या, २०१६च्या रिओ पॅरालिम्पिकची सुवर्णविजेती. तिला सरळ तीन गेममध्ये, ११-५, ११-६, ११-७. उपांत्य फेरीत रिओची रौप्यविजेती, चीनची झांग मियाओ, जिला भाविनाबेननी तोवर एकदाही हरवलं नव्हतं. पहिली गेम गेली, पुढच्या दोन घेतल्या, चौथी ९-११ अशी निसटली. पाचव्या गेममध्ये ५-० आघाडी. मग ९-५. मग झांगने सलग तीन गुण घेतले, ९-८.

इथे टाइम-आउट घेतला गेला. एका सामन्यात खेळाडूला तो एकदाच मिळतो, जेमतेम एक मिनिटाचा. बरेच खेळाडू तो घाबरून आधीच उधळतात आणि ऐन वेळी हात रिकामे. इथे तो शिल्लक होता. परत आल्यावर दोन गुण, ११-८, सामना खिशात.

२९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, अंतिम फेरीत पुन्हा झोउ यिंग. ७-११, ५-११, ६-११. भारताचं टेबल टेनिसमधलं हे पहिलं पदक, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक दोन्ही धरून. पण मी प्रशिक्षकाच्या नजरेने त्या आकड्यांकडे बघतो. चार दिवसांपूर्वी याच खेळाडूविरुद्ध तीन गेममध्ये १४ गुण मिळाले होते, आता १८. पदकाच्या गडबडीत हे चार गुण कुणी मोजले नाहीत.

पुढच्या वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३ ते ५ गट एकत्र करून खेळवले. भाविनाबेनना सुवर्ण, आणि त्यांच्या जुन्या सहकारी सोनलबेन पटेल यांना कांस्य. सोनलबेन तिसऱ्या गटातल्या, म्हणजे स्वतःपेक्षा जास्त हालचाल असलेल्यांशी खेळून मिळवलेलं कांस्य. याचं कौतुक फार कमी झालं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आणि २०२४, पॅरिस. उपांत्यपूर्व फेरी, समोर कोण? झोउ यिंगच. पहिली गेम १२-१४. दुसरी ९-११. तिसरी भाविनाबेननी ११-८ अशी घेतली. चौथी ६-११ गेली आणि स्पर्धा संपली. टोकियोत दोन सामने मिळून जिच्याकडून एकही गेम घेता आली नव्हती, तिच्याकडून या वेळी एक घेतली, आणि पहिली तर हातातोंडाशी आलेली होती. पदकतक्त्यात याची नोंद कुठेच नाही.