कोणतं बोट बधिर होतं?

(पडद्यावर: सोलापूर. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवलेल्या पानांची चळत. चेहरा दिसत नाही, फक्त हात.)

टेंभुर्णीचं ओलं पान कात्रीनं चौकोनी कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, अंगठा आणि दोन बोटांत पान वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. की लगेच पुढचं पान. सोलापुरात हजारो बाया हे काम करतात. मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे हाताला उसंत नाही. जरा मनगटाकडे बघा. कात्री चालते तेव्हा ते वाकलेलं असतं, आणि अंगठ्याची चिमट तर सुटतच नाही.

असा हात पुढे रात्री त्रास द्यायला लागतो. झोपेत मुंग्या येतात, बोटं जड पडतात, बाई उठून हात झटकत बसते. झटकलं की जरा बरं वाटतं. घरचे म्हणतात, वात असेल, कामानं दमला असेल. बाम चोळला जातो, शेक घेतला जातो आणि वर्षं निघून जातात. दवाखान्यात गेल्यावरही ती एवढंच सांगते, “हात बधिर होतो.” खरं तर तिथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी: कोणतं बोट?

(पडद्यावर: तळहाताचं रेखाचित्र. बोटं एकेक करून रंगत जातात.)

बोटं नसांनी आपसात वाटून घेतलेली आहेत. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट आणि अंगठीच्या बोटाची अंगठ्याकडची बाजू हा मीडियन नर्व्हचा वाटा. करंगळी आणि अंगठीच्या बोटाचा उरलेला भाग अल्नर नर्व्हचा.

मीडियन नर्व्ह मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून तळहातात शिरते. खाली मनगटाची लहान हाडं, वर एक जाड, न ताणणारा पट्टा. त्याच बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या 9 कंडराही जातात. सततच्या कामानं त्यांच्या आवरणाला सूज आली, की दाब नसेवर पडतो. हाच कार्पल टनेल सिंड्रोम. झोपेत मनगट नकळत दुमडतं, बोगदा आणखी आवळतो, म्हणून रात्री त्रास जास्त.

1950च्या दशकात अमेरिकेतले डॉ. जॉर्ज फेलन यांनी एक साधी तपासणी रूढ केली. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवून मनगटं खाली दुमडायची आणि मिनिटभर तसंच थांबायचं. ठरावीक बोटांतच मुंग्या आल्या, तर संशय मनगटावर. पक्कं निदान मात्र डॉक्टरच करतील, गरज पडली तर नसेचा वेग मोजणारी चाचणी करून.

सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून अनेकांना आराम पडतो. कधी इंजेक्शन देतात. नाहीच भागलं तर छोट्या शस्त्रक्रियेनं तो जाड पट्टा कापून नसेला जागा करून देतात. पण अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा एकदा सपाट झाला, की गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. म्हणून “बघू दिवाळीनंतर” हे वाक्य मला फार महाग वाटतं.

(पडद्यावर: कोपर दुमडून, कानाला फोन लावून बसलेला तरुण.)

करंगळी बधिर होत असेल तर मनगटाचा हा बोगदा सोडा, आधी कोपर तपासा. कोपर आपटल्यावर जिथून झिणझिणी उठते, तिथून अल्नर नर्व्ह अगदी कातडीखालून जाते. कोपर दुमडून तासन्‌तास बसलं किंवा झोपलं, की ती ताणली जाते. कळ मानेतून खांद्यावर, तिथून हातात उतरत असेल, मान वळवल्यावर वाढत असेल, तर मूळ मानेच्या मणक्यात असू शकतं.

कामाचा काहीच संबंध नसतानाही हात बधिर होतात. मधुमेह, मंदावलेलं थायरॉइड, बी-12ची कमतरता. गरोदरपणातही असं होतं, ते बहुतेक वेळा बाळंतपणानंतर ओसरतं. मधुमेहात बधिरपणा सहसा आधी पायांत येतो, तेव्हा तळपायांचंही डॉक्टरांना सांगा. आणि हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर बोटं बघत बसू नका. 108ला फोन करा.

(पडद्यावर: चुलीवरचा तवा. बोटावर भाजल्याचा जुना डाग.)

शेवटी अशा बधिरपणाबद्दल, जो बहुतेकदा दुखत नाही. तवा उचलताना बोट भाजतं आणि कळत नाही. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असतो, त्यावर स्पर्श समजत नाही. हा कुष्ठरोग असू शकतो. त्यात कोपराजवळची अल्नर नर्व्ह जाड होते, करंगळी आणि शेजारचं बोट हळूहळू आत वळतं. 1940च्या दशकाच्या अखेरीस तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी अशा वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. बोटं झडतात ती रोगानं आपोआप नव्हे, वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या जखमांनी, हेही त्यांनी ठासून सांगितलं. आज औषधं 6 किंवा 12 महिन्यांची आहेत आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण लोक काय म्हणतील या धास्तीनं चट्टा बाहीखाली झाकला जातो, आणि तेवढ्या काळात नस निकामी होत राहते. चट्टा दिसला तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाखवा, आणि घरातल्या बाकीच्यांनाही सोबत नेऊन तपासून घ्या.