टाइमप्लीज : बालगृहातला संध्याकाळी पाचचा तास

आत्ता तुम्हाला जे पाय दिसतायत ते खो-खो खेळणाऱ्या मुलींचे आहेत. अनवाणी, टाचांना फक्की लागलेली. चेहरे या अख्ख्या फिल्ममध्ये दिसणार नाहीत, कारण बाल न्याय कायदा 2015, कलम 74. बालगृहातल्या मुलाची ओळख पटेल असं काहीच दाखवता येत नाही, नाव नाही, चेहरा नाही, गावही नाही. बरंच झालं म्हणा, त्यामुळे कॅमेरा सगळा वेळ गुडघ्याच्या उंचीवर राहिला आणि खेळ नीट दिसला.

तर हे मराठवाड्यातलं एक मुलींचं बालगृह. कुणाचे आई-वडील नाहीत, कुणाचे आहेत पण सांभाळू शकत नाहीत, कुणाला घरातूनच धोका होता. सगळ्या बाल कल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांनी कुठे राहायचं ते ठरवणाऱ्या समितीच्या, आदेशाने इथे आलेल्या. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की नाश्ता, घंटा झाली की शाळा. कपडे कुठले, भाजी कुठली, शेजारच्या गादीवर कोण, सगळं दुसरंच कुणीतरी ठरवतं. यात कुणाचा वाईट हेतू नाहीये, एवढ्या पोरी एका छताखाली सांभाळायच्या तर असंच होणार. पण पाच वाजता ही खेळ घेणारी ताई गेटमधून आत येते आणि पुढचा तासभर मामला वेगळा असतो.

ताईच्या गळ्यात शिट्टी नाहीये बघा. मुद्दाम. दिवसभर घंटा ऐकलेल्या पोरींना आणखी एक घंटा कशाला, म्हणते ती.

पहिला खेळ म्हणजे नुसता गोल. चेंडू टाकायच्या आधी जिच्याकडे टाकायचा तिचं नाव घ्यायचं, बास. सोपं वाटतं, पण इथे मुली येतात-जातात, कुणी घरी परत जाते, कुणाची बदली दुसऱ्या संस्थेत होते, आणि रात्री अचानक दाखल झालेल्या मुलीला दोन-दोन दिवस "ए नवी" एवढीच हाक असते. गोलात उभं राहिलं की पाच मिनिटांत नाव सगळ्यांच्या तोंडी बसतं. (नावांचा आवाज आम्ही एडिटमध्ये काढलाय, म्हणून इथे फक्त चेंडूचा आवाज येतोय.)

ती भिंतीला टेकून उभी असलेली, पिवळ्या फ्रॉकची, ती नवी. ती लिंबूटिंबू. आपल्याकडे लिंबूटिंबू म्हणजे लहान पोर, खेळात असतं पण आउट होत नाही, राज्य येत नाही. इथे वयाचा संबंध नाही, चौदा वर्षांची असली तरी नवी मुलगी लिंबूटिंबू, आणि किती दिवस राहायचं ते तिचं ती ठरवणार.

मग साखळी. जी पकडली गेली तिने हात धरून साखळीत यायचं, म्हणजे आउट होऊन कोपऱ्यात बसायची भानगडच नाही. ताईचा हा एक हट्टच आहे, की ज्या मुलींना आधीच कुठून ना कुठून बाहेर काढलंय त्यांना खेळात तरी पहिल्याच मिनिटाला बाहेर काढू नका.

आता खो-खो. नियमाने मैदान 27 मीटर लांब लागतं, इथलं अंगण तेवढं नाही, म्हणून खांब जवळ आणलेत आणि आठाऐवजी सहाच चौकोन. बसलेल्या मुलींची तोंडं आळीपाळीने उलट दिशेला, बरोबर. पण खो कसा देतायत बघा. खरा खो म्हणजे मागून पाठीला हात लावायचा आणि त्याच क्षणी "खो" ओरडायचं. मार खाल्लेल्या मुलीला मागून अचानक हात लागला की ती दचकते, काही जणी डोकं झाकून घेतात, आणि हे ताईने पहिल्याच आठवड्यात बघितलं. म्हणून सुरुवातीला हात नाहीच, नुसतं नाव आणि खो. मग खांद्याजवळ ओढणीचं टोक. मग ज्या मुली स्वतःहून म्हणतात "मला हात चालेल" त्यांनाच हात. या शॉटमध्ये तिसऱ्या चौकोनातल्या मुलीला तळहात लागतो आणि ती बाणासारखी सुटते, तिथपर्यंत यायला काही महिने गेलेत.

आणि हे जे आता मधेच सगळं थांबलं ना, ते कॅमेऱ्याचं काही बिघडलेलं नाही. कुणीतरी "टाइमप्लीज" म्हणालं. कुणीही म्हणू शकतं, आणि का म्हणून विचारायचं नाही, असा इथला नियम आहे. पाणी प्यायचं असेल, रडू आलं असेल. दिवसभरात ही एकच जागा अशी, जिथे पोरीने थांबा म्हटलं की मोठी माणसंसुद्धा थांबतात. पूर्वी काय व्हायचं, एखादी भांडली की पहिली शिक्षा म्हणजे खेळ बंद. ते आता बंद केलंय, अधीक्षक मॅडमनी मनावर घेतलं म्हणून झालं.

हे कपाट. देणगीत आलेलं क्रिकेटचं किट, पॅडसकट, मापं सगळी मोठ्या माणसांची. फुटबॉल तीन, हवा एकातही नाही. वाढदिवसाला केक घेऊन येणारे भरपूर, पंप आणणारा अजून कुणी भेटला नाही. बाल न्याय कायद्याच्या 2016च्या आदर्श नियमांमध्ये मैदान, मनोरंजन, पीटी शिक्षक, सगळं लिहिलेलं आहे. पण ताईचं मानधन एका संस्थेच्या प्रोजेक्टमधून येतं, आणि प्रोजेक्टला मुदत असते.

18 पूर्ण झाली की बालगृह सुटतं, मग 21पर्यंत, अपवाद म्हणून 23पर्यंत, अनुरक्षण सेवा, म्हणजे बालगृह सुटल्यानंतरची मदत, महाराष्ट्रात अनाथांना 1 टक्का आरक्षण, तेही प्रमाणपत्र हातात असेल तर. खेळाने हे प्रश्न सुटत नाहीत.

हा ढोल चाचा नेहरू बाल महोत्सवातला, जिल्ह्यातल्या संस्थांमधली मुलं इथे एकत्र येतात. कठड्यापाशी राखी बांधणारे हात दिसतायत, बहीण आपल्या बालगृहातली, भाऊ मुलांच्या. राखीपौर्णिमा होऊन गेलीये, पण भेट आज झाली.

महोत्सवातली खो-खोची मॅच आपण हरलो. दोनदा दिशेचा फाउल, एकदा खांद्याची दिशा घेतली की खांब ओलांडेपर्यंत मागे वळता येत नाही, आणि आपल्या पोरी जिंकायच्या घाईत वळल्या. पंचांशी हुज्जत घालायला कॅप्टन गेली होती, ताई नाही. बसमध्ये त्यावरून जोरात भांडण चाललंय, आणि ताई खिडकीशी बसून सहा चौकोनांचे आठ कसे करायचे याचं चित्र काढतेय.