साधी गाठ, पण परत येणारी

नमस्कार श्रोतेहो.

"डॉक्टर, गाठ कॅन्सरची नाही ना?" रिपोर्ट हातात पडला की आईबाप आधी हेच विचारतात. नाही म्हटलं की त्यांच्या जिवात जीव येतो. पुढे कधी एमआरआयमध्ये तीच गाठ पुन्हा दिसली की मात्र ते पार खचतात. "साधी होती ना, मग परत कशी आली?"

मेंदूच्या तळाशी होणाऱ्या या गाठीचं नाव क्रॅनिओफॅरिंजिओमा. बाळ पोटात असताना पियुषिका ग्रंथी, म्हणजे शरीरातल्या संप्रेरकांवर ताबा ठेवणारी पिट्युटरी, घडते, तेव्हाच्या काही पेशी मागे राहून जातात. त्यांतून ही गाठ वाढते, मुलांमध्ये बहुधा ५ ते १४ या वयात. तिच्यात पाण्याची पिशवी असते. ऑपरेशनमध्ये ती उघडली की इंजिन ऑइलसारखं तपकिरी पाणी येतं आणि त्यात कोलेस्टेरॉलचे बारीक कण चमकतात. जागा मोठी अडचणीची. वर हायपोथॅलॅमस, म्हणजे भूक-झोप सांभाळणारा मेंदूचा भाग, लगतच डोळ्यांच्या नसा आणि रक्तवाहिन्या. गाठ या सगळ्यांना चिकटून बसते. एखादा पापुद्रा राहिला, तरी त्यातून पुन्हा वाढू शकते.

"एकदाच सगळी काढून टाका," हा आग्रह मला समजतो. पण हायपोथॅलॅमस दुखावला, तर मुलाची भूक भागतच नाही, वजन वाढत राहतं, झोप बिघडते. ते सहसा भरून येत नाही. म्हणून गाठ तिथे चिकटलेली असेल, तर जपून निघेल तेवढी काढावी आणि उरलेलीला रेडिएशन द्यावं, या मताचा मी आहे. दुसऱ्या ऑपरेशनला तर आधीचे व्रणही आडवे येतात. नुसती पिशवीच भरत असेल, तर डोक्याच्या कातडीखाली छोटी डबी बसवून सुईने पाणी काढता येतं. प्रोटॉन रेडिएशनमध्ये आसपासच्या मेंदूला कमी झळ लागते. खारघरला टाटा स्मारक रुग्णालयाच्या ॲक्ट्रेक या केंद्रात ती सोय आहे.

आता घरातलं. गाठीमुळे किंवा ऑपरेशनमुळे पियुषिका बंद पडली की तिच्या संप्रेरकांची उणीव औषधांनी भरावी लागते: हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉक्सिन, लघवी आवरणारं डेस्मोप्रेसिन, हे बहुतेकदा जन्मभराचं. हायड्रोकॉर्टिसोन एक दिवसही चुकवू नका. तापात त्याचा डोस वाढवावा लागतो. किती, ते आधीच लिहून घ्या. उलटीत गोळी पोटात टिकत नाही, तेव्हा इंजेक्शनच हवं.

एका आईने मुलाच्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवली होती: "उलटी झाली तर थांबू नका, दवाखान्यात न्या, हे इंजेक्शन द्या." खाली औषधाचं नाव आणि डोस. सहलीत मुलाला उलटी झाली, तेव्हा बाईंनी ती चिठ्ठी वाचली आणि बस थेट दवाखान्याकडे वळवली.