थांबू शकणारा माल : सांगलीच्या बाजारपेठेचे एक कठीण वर्ष

सांगलीत पावसाळ्याचे दिवस सुरू झाले की आयर्विन पुलाजवळच्या पाण्याची पातळी हा घराघरातला विषय होतो. १९२९ मध्ये वाहतुकीला खुला झालेला हा पूल शहराची मोजपट्टी आहे. पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. २००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांपलीकडे गेले, तेव्हा याहून मोठा पूर आपल्या हयातीत येणार नाही, असे पुष्कळांनी धरून चालले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये तेच पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले.

त्या पुराची कारणे केवळ सांगलीवर पडलेल्या पावसात नव्हती. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोयनेच्या पाणलोटात दिवसरात्र पाऊस कोसळत होता, धरणांतून विसर्ग वाढवावा लागत होता. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला वारणा मिळते आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. या दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या की कृष्णेचे पाणी पुढे सरकायला जागा उरत नाही, ते मागे तुंबते आणि चढते त्याहून कितीतरी सावकाश उतरते. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे बचावाची बोट उलटून जी माणसे गेली, त्यांचे दुःख कोणत्याही आर्थिक हिशेबात बसणारे नाही. या माहितीपटात आपण बाजाराविषयी बोलणार आहोत, पण ते मृत्यू बाजूला ठेवून त्या वर्षाची कोणतीही गोष्ट सांगता येत नाही.

हे वर्ष ऑगस्ट २०१९ पासून ऑगस्ट २०२० पर्यंतचे. आधी महापूर, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस आणि त्यानंतर टाळेबंदी, असे तीन तडाखे या जिल्ह्याने एकापाठोपाठ एक सोसले. एवढे होऊनही येथील व्यापार मोडून पडला नाही. त्याचे श्रेय सहसा माणसांच्या चिकाटीला दिले जाते आणि ती चिकाटी खरीच आहे. तरीही आमच्या मते त्यामागे एक अगदी व्यावहारिक कारण आहे. सांगलीच्या शेतीने आणि व्यापाराने नाशवंत पिकाचे टिकाऊ मालात रूपांतर करण्याची कला फार पूर्वीच आत्मसात केलेली आहे. द्राक्षाचा बेदाणा, ओल्या हळकुंडाची वाळवून पॉलिश केलेली हळद, उसाचा गूळ आणि साखर, दुधाची भुकटी, अशा या जिल्ह्याच्या मुख्य वस्तू पाहिल्या तर त्यांतल्या बहुतेक थांबू शकतात. थांबू शकणाऱ्या मालाला पडत्या दराने विकले जाण्याची सक्ती नसते.

या कलेचा सर्वांत जुना नमुना हरिपूरच्या पेवांत पाहायला मिळत असे. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले, वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठे असलेले हळदीचे कोठार. हरिपूर आणि सांगलवाडी परिसरातली घट्ट माती त्यासाठी उत्तम. आतून सारवून, पाल्याचा थर देऊन त्यात हळद भरली जाई आणि तोंड बंद करून वर माती लोटली जाई. मग ती हळद वर्ष, दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ कीड न लागता राहत असे, कारण आत हवाच खेळत नसे. त्यामुळेच पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे, कोंदलेली हवा निघून जाईपर्यंत वाट पाहिली जाई. सांगलीत हळदीचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आगाऊ सौदे, शंभर वर्षांपूर्वीपासून होऊ शकले, त्याला हा भूमिगत साठाही कारणीभूत होता. परगावचा व्यापारी न पाहिलेल्या मालाचा सौदा करी, तो माल सांगलीच्या मातीखाली सुखरूप आहे या भरवशावर.

२००५ च्या महापुराने हा भरवसा हिरावला. पाणी पेवांत शिरले, हळद कुजली आणि बहुतेक पेवे कायमची निकामी झाली. व्यापाऱ्यांनी माल शीतगृहांकडे आणि नदीपासून दूरच्या गोदामांकडे वळवला. हा बदल नाइलाजाने झालेला असला, तरी २०१९ मध्ये हळदीचा मोठा साठा वाचण्यामागे तो होता, हे मान्य करायला हवे.

शहरातल्या किरकोळ आणि घाऊक पेठांच्या वाट्याला मात्र असे काही नव्हते. गणपती पेठ, कापड पेठ, मारुती चौक, हरभट रोड, टिळक चौक आणि वखारभाग हे सगळे नदीच्या ओढीतले भाग आहेत. दुकानदारांनी २००५ ची खूण लक्षात ठेवून माल त्या खुणेच्या वर, माळ्यावर किंवा पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवला होता. या वेळी पाणी ती खूण ओलांडून वर गेले. पाणी ओसरल्यावर शटर उघडले तेव्हा तांदळाची पोती फुगून उसवलेली होती, डाळींना मोड आणि बुरशी दोन्ही आले होते, आणि साखरेच्या थप्पीच्या जागी एकावर एक बसलेली नुसती रिकामी पोती होती, कारण साखर पाण्याबरोबर विरघळून निघून गेली होती. कापडाचे तागे गाळाने इतके जड झाले होते की दोन माणसांना एक तागा उचलवत नव्हता. रस्त्यांच्या कडेला त्या मालाचे ढीग लागले आणि जेसीबीने ते ट्रॉल्यांत भरून शहराबाहेर नेण्यात आले.

त्या ढिगांत वह्याही होत्या. उधारीच्या नोंदी, खरेदीची बिले, साठ्याचे रजिस्टर असे सगळे कागद लगद्यासारखे एकमेकांना चिकटले होते. विम्याचा दावा करायचा तर साठ्याचा पुरावा हवा, आणि पुरावा तर मालाबरोबरच बुडालेला. ज्यांचा हिशेब संगणकावर आणि सनदी लेखापालाकडे होता, त्यांना निदान काही दाखवता आले. ज्यांच्या दुकानाचा विमा होता पण पुराचे कलम त्यात नव्हते, त्यांना ते त्या दिवशी कळले. राज्य सरकारने छोट्या व्यावसायिकांना नुकसानीच्या ७५ टक्के किंवा कमाल ५० हजार रुपये मदत जाहीर केली. टपरीवाल्याला, पिठाची गिरणी चालवणाऱ्याला तिचा आधार झाला, पण घाऊक किराणा दुकानाच्या एका थप्पीचीही किंमत त्यातून भरून येणारी नव्हती.

तरीही २ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आली तोवर पेठेतली पुष्कळ दुकाने उघडली होती. भिंती ओल्या होत्या, फर्निचर नव्हते, पण फळ्या टाकून माल मांडला होता. त्या मालाला पैसा कोठून आला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. उत्तर आहे उधारी. मुंबई, इंदूर, सुरत येथील पुरवठादारांपैकी अनेकांनी जुनी येणी लांबवून नवा माल नावावर पाठवला. सांगलीच्या घाऊक व्यापाऱ्याने तोच माल खेड्यातल्या किराणा दुकानदाराला पुन्हा उधारीवर दिला, आणि खेड्यातल्या दुकानदाराने तो शेतकऱ्याच्या घरी ऊसबिलाच्या किंवा बेदाण्याच्या पट्टीच्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या, भरवशावर पोचवला. साखळीच्या शेवटी उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा ऊस मात्र पाण्याखाली गेलेला होता. शेंड्यात गाळ आणि पाणी जाऊन बसले की ऊस वरून कुजत येतो आणि त्याला वजन राहत नाही. म्हणजे साऱ्या साखळीची मदार उरली ती द्राक्षांवर.

द्राक्षांना त्या वर्षी अवकाळी पावसाने गाठले. सांगली जिल्ह्यात फळछाटणी प्रामुख्याने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि फुलोऱ्याच्या काळात पाऊस झाला की दावण्या हा बुरशीचा रोग येतो, घड जिरतात, मणी गळतात. तासगाव, पलूस, मिरज आणि कवठेमहांकाळच्या बागायतदारांनी दिवसाआड, काहींनी दिवसातून दोनदा औषधे फवारली. औषधांच्या दुकानातही उधारीच वाढली. एवढे करून वाचलेली बाग फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला आली आणि २५ मार्च २०२०, म्हणजे गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी लागू झाली. जिल्ह्यातले करोनाचे पहिले रुग्ण त्याआधी दोनच दिवस इस्लामपुरात सापडले होते, त्यामुळे येथील बंधने सुरुवातीपासूनच कडक होती. परराज्यांतले व्यापारी निघून गेले, ट्रक अडकले, आणि वेलीवर तयार माल लोंबकळत राहिला.

पडद्यावर दिसत आहेत ती बेदाण्याची शेड आहेत. मिरज-पंढरपूर रस्त्याला नागजच्या पुढे गेले की दोन्ही बाजूंच्या माळावर ती पसरलेली दिसतात. लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर एकाखाली एक ताणलेल्या जाळ्या आणि वर छप्पर, एवढीच त्यांची रचना. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात द्राक्षे बुडवून काढली की मण्यावरचा मेणचट थर सैल होतो आणि आतले पाणी लवकर उडते. मग ती जाळ्यांवर पातळ पसरायची. कोरडा वारा असेल तर पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. उन्हाची तिरीप थेट लागू न देता आणि गंधकाची धुरी देऊन हिरवा रंग राखायचा, नंतर काड्या वेगळ्या करायच्या, धुवायचे, निवडायचे, प्रतवारी लावायची आणि १५ किलोच्या पेट्या भरायच्या. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा हाती येतो. हे काम इथेच का होते, याचे कारण हवेत आहे. ज्या पूर्व भागात फारसा पाऊस पडत नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसे विट्याची, आटपाडीची गावे सोडून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर गेली, त्याच भागाचा कोरडा वारा नदीकाठच्या आणि उपसा सिंचनावरच्या द्राक्षांना बेदाण्याचे रूप देतो. ऑगस्टमध्ये सांगली बुडत असताना जत आणि आटपाडीकडे टँकर चालू होते, ही विसंगती अनेकांनी नोंदवली. मार्चमध्ये त्याच दुष्काळी माळाने जिल्ह्याचे द्राक्षपीक सावरले.

खाण्याच्या द्राक्षांना गिऱ्हाईक नाही म्हटल्यावर ज्यांनी कधी बेदाणा केला नव्हता, अशा बागायतदारांनीही शेड भाड्याने घेतली. सांगली आणि तासगावचे बेदाण्याचे सौदे, म्हणजे लिलाव, काही काळ बंद होते, पण माल शीतगृहात ठेवता येत होता. बाजार समित्यांमार्फत चालणारी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना इथे उपयोगी पडणारी होती. ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळावी, अशी तिची रचना आहे. शीतगृहाची पावती हातात असलेला शेतकरी बँकेतही ताठ मानेने बोलू शकतो, कारण त्याचा माल उद्या सडणार नसतो. हळदीच्या बाबतीतही थांबणे फायद्याचे ठरले. आयुष मंत्रालयाने हळद घातलेले दूध पिण्याचा सल्ला दिला, घरोघरी मागणी वाढली आणि ज्यांनी साठा धरून ठेवला होता, त्यांना २०२१ च्या सुरुवातीला वर्षानुवर्षे न दिसलेले दर पाहायला मिळाले.

कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींची कहाणी देशातल्या इतर वसाहतींहून फारशी वेगळी नाही. परप्रांतीय कामगार गावी गेले, फाउंड्रीच्या भट्ट्या थंडावल्या, कर्जाच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑगस्टपर्यंत सवलत दिली आणि केंद्राच्या हमी योजनेतून थकीत कर्जाच्या नव्हे, तर चालू कर्जाच्या २० टक्के जादा रक्कम मिळू लागली. ज्यांचे हप्ते ६० दिवसांहून अधिक थकलेले नव्हते, त्यांनाच या योजनेचा लाभ मिळाला. पुरामुळे आधीच हप्ते चुकलेल्या दुकानदाराला ही अट अतिशय जाचक होती. दोन आपत्ती एकापाठोपाठ येऊ शकतात, हे गृहीत धरून ती योजना आखलेली नव्हती.

ज्यांच्याकडे थांबवून ठेवण्यासारखे काही नव्हते, त्यांची अवस्था सांगितल्याशिवाय हे निवेदन पुरे होणार नाही. बेदाणा निवडणाऱ्या बायका, मार्केट यार्डातले हमाल, तोलाईदार, पेठेतले हातगाडीवाले यांच्याजवळ विकायला आहे तो फक्त त्यांचा दिवस, आणि तो दिवस शीतगृहात ठेवता येत नाही. हमालांना १९६९ च्या माथाडी कायद्याने निदान नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी आणि मंडळ दिले आहे. बेदाणा निवडणाऱ्या बाईचे नाव मात्र बहुधा शेडमालकाच्या हजेरीवहीपलीकडे कोठे नसते. पुरात तिचे घर बुडाले असेल, तर त्याचा पंचनामा झाला. पेठ बंद असल्याने, सौदे थांबल्याने जी मजुरी बुडाली, तिचा पंचनामा करण्याचा रकानाच कोठल्या अर्जात नव्हता.

जुलै २०२१ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी पुन्हा ५४ फुटांपलीकडे गेले. या वेळी अनेक व्यापाऱ्यांनी हवामानाचा इशारा येताच माल हलवला होता. आता गोदामे पूररेषेबाहेर काढण्याची, साठ्याच्या विम्यात पुराचे कलम असल्याची खात्री करून घेण्याची आणि हिशेबाच्या प्रती शहराबाहेर ठेवण्याची सवय पेठेला लागते आहे, आणि तो मोठा पल्ला आहे. पुढचे काम बाजार समिती, व्यापारी संघटना आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून करण्याचे आहे. बेदाणा शेड आणि हळद कारखान्यांतल्या कामगार महिलांची नोंदणी हंगाम सुरू होण्यापूर्वी व्हावी, आणि नुकसानीच्या अर्जात मालाच्या पोत्यांशेजारी बुडालेल्या रोजगाराचे दिवस लिहिण्यासाठी एक ओळ असावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, हजेरीवहीची एक प्रत तहसील कार्यालयात पोचली तरी सुरुवात होऊ शकते.