नावातलं 'ऑल' आणि बाटलीतलं स्पिरिट

नमस्कार. जून 2015 मध्ये मुंबईत, मालाडच्या मालवणी भागात, गावठी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत एकच शब्द छापून येत होता, 'विषारी दारू'. हा शब्द मला अपुरा वाटतो, कारण त्या दारूत जे होतं त्याला नेमकं नाव आहे, मिथेनॉल. विष म्हटलं की हळहळ व्यक्त करून आपण पुढे जातो. मिथेनॉल म्हटलं की प्रश्न विचारता येतात. ते कुठल्या कारखान्यासाठी आलं होतं, पिंपातून बाहेर कसं पडलं, पोटात गेल्यावर त्याचं काय झालं? त्यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर बरंचसं नावातच दडलेलं आहे. आज आपण ते वाचायला शिकणार आहोत.

1892 साली जिनिव्हा इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तोवर एकेका पदार्थाला तीन-तीन, चार-चार नावं होती. लाकडापासून मिळालं म्हणून लाकडाचं स्पिरिट, धान्यापासून मिळालं म्हणून धान्याचं. परिषदेत ठरलं की नाव रेणूच्या रचनेवरून द्यायचं. साखळीत कार्बनचा एकच अणू असेल तर मिथेन, दोन असतील तर इथेन, तीन असतील तर प्रोपेन. अशा साखळीतला एक हायड्रोजन काढून तिथे ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी, म्हणजे OH, बसवली की तो पदार्थ अल्कोहोलच्या कुळातला, आणि त्याच्या नावाच्या शेवटी 'ऑल' लावायचं. गावाच्या नावाला 'कर' लागून आडनाव होतं, तसंच हे. सातारकर म्हटल्यावर मूळ गाव कळतं, मिथेनॉल म्हटल्यावर मूळ साखळी कळते.

साखळी लांबली की OH नेमका कितव्या कार्बनवर आहे हेही सांगावं लागतं. प्रोपेन-1-ऑलमध्ये तो टोकाला असतो आणि प्रोपेन-2-ऑलमध्ये मधल्या कार्बनवर. अणू तेच, संख्याही तीच, पण पदार्थ दोन. दुसरा तुमच्या ओळखीचा आहे. सॅनिटायझरच्या बाटलीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल लिहिलेलं असतं, ते हेच. OH दोन असले तर डायऑल, तीन असले तर ट्रायऑल. ग्लिसरीन म्हणजे प्रोपेन-1,2,3-ट्रायऑल. दुकानातल्या नावात 'ऑल' नसलं तरी ते अल्कोहोलच आहे. उलट पेट्रोलच्या शेवटी तोच उच्चार ऐकू येतो, पण मूळ पेट्रोलमध्ये OH नाही. व्यवहारातल्या नावावर विसंबता येत नाही, ते असं.

आता मुख्य मुद्दा. अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण झालं की नावाचा शेवट बदलतो. 'ऑल'चं 'अ‍ॅल' होतं, म्हणजे अल्डिहाइड, आणि पुढे 'ऑइक आम्ल'. आपल्या यकृतातली विकरं, म्हणजे एन्झाइम, नेमकं हेच काम करतात. इथेनॉल प्यायलं की त्याचं इथेनॅल होतं, म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइड. दुसऱ्या दिवशीची मळमळ आणि डोकेदुखी यांत त्याचाही वाटा असतो. मग त्याचं इथेनॉइक आम्ल होतं. व्हिनेगारमध्ये असतं तेच हे आम्ल, आणि शरीर ते सहज वापरून टाकतं. मिथेनॉलवरही तीच विकरं काम करतात. मिथेनॉलचं मिथेनॅल होतं, म्हणजे फॉर्माल्डिहाइड. प्रयोगशाळेत प्राण्यांचे अवयव ज्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, ते याचंच पाण्यातलं द्रावण. पुढे मिथेनॉइक आम्ल, म्हणजे फॉर्मिक आम्ल. ते शरीरातून फार सावकाश जातं. साठत जातं, रक्त आम्लधर्मी करतं, पेशींचा ऑक्सिजनचा वापर रोखतं, आणि डोळ्यांच्या नसेला त्याचा फटका फार लवकर बसतो. मालवणीसारख्या घटनांनंतर जे वाचले त्यांच्यापैकी कित्येकांना दिसेनासं होतं, त्याचं कारण हे आहे. मिथेनॉल स्वतः फारसं काही करत नाही. ज्याच्यात त्याचं रूपांतर होतं, ते मारतं.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो सुशिक्षित माणसंही पसरवतात. हातभट्टी नीट लावता आली नाही म्हणून दारूत मिथेनॉल येतं, असं म्हणतात. साखर किंवा गूळ आंबवून जवळजवळ सगळं इथेनॉलच मिळतं. पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा पदार्थ, जास्त असलेल्या फळांपासून थोडं मिथेनॉल होतं, पण ते थोडंच. एका रात्रीत वस्तीच्या वस्ती उद्ध्वस्त होते तेव्हा बहुधा कारखान्यासाठीचं मिथेनॉल त्या दारूत ओतलेलं असतं. फॉर्माल्डिहाइड, प्लायवूडचे गोंद, रंग, थिनर यांसाठी ते लागतं आणि इथेनॉलपेक्षा स्वस्त पडतं. म्हणून मालवणीसारख्या प्रकरणाचा तपास भट्टीपाशी थांबता कामा नये, असं मला ठामपणे वाटतं. तो पिंपापर्यंत गेला पाहिजे.

आता दोन OH असलेल्यांकडे वळू. इथेन-1,2-डायऑल, म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, गाडीच्या कूलंटमध्ये असतं. चव गोड असते, आणि धोका तिथेच आहे. शरीरात त्याचं शेवटी ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि कॅल्शियमशी जुळून त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. त्याचाच भाऊबंद डायइथिलीन ग्लायकॉल. तोही गोड, घट्टसर, रंगहीन, दिसायला अगदी ग्लिसरीनसारखा. 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध त्यात विरघळवून विकलं गेलं आणि शंभराहून अधिक माणसं मेली. पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा नवा कायदा झाला.

आपल्याकडे 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण गेले. त्यांना उपचार म्हणून ग्लिसरीन दिलं होतं आणि त्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली आणि औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतचे दोष उघड्यावर आणले. इतकं होऊनही 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने 20 हून अधिक लहान मुलं दगावली. त्यातल्या अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल सुमारे 48 टक्के निघालं. मर्यादा आहे 0.1 टक्का. पातळ औषधांत ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल वापरतात. पिंपावर तसं लिहिलेलं असलं तरी आत काय आहे हे दर पिंपाला तपासायचं असतं. ही चाचणी अवघड नाही. ती न करणं मला अक्षम्य वाटतं.

आता घरातल्या, दुकानातल्या बाटल्या. आपण 'स्पिरिट' हा एकच शब्द किती ठिकाणी वापरतो पाहा. इंजेक्शनआधी दंडावर फिरवतात ते स्पिरिट. सुतार चपडा लाख ज्यात विरघळवून पॉलिश करतात, तेही स्पिरिट. पण पॉलिशच्या स्पिरिटमध्ये, कुणी पिऊ नये म्हणून, मुद्दाम मिथेनॉल किंवा दुसरं काही कडू, घाण वासाचं मिसळलेलं असू शकतं. माझी कळकळीची विनंती आहे, असं स्पिरिट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका.

साखर कारखान्याच्या आसवनीत मळी आंबवून इथेनॉल करतात. नुसतं ऊर्ध्वपातन करत राहिलं तर ते साधारण 95 टक्क्यांवर अडतं, कारण त्या प्रमाणात पाणी आणि इथेनॉल एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये मिसळायचं तर उरलेलं पाणीही काढावं लागतं, नाहीतर टाकीत पाण्याचा थर वेगळा होतो. जंतू मारायचे असतील तेव्हा मात्र पाणी हवंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सॅनिटायझरच्या कृतीत इथेनॉल 80 टक्के आहे. जंतूंची प्रथिनं बिघडवायला थोडं पाणी लागतं, म्हणून शुद्ध इथेनॉल इथे उलट कमी पडतं.

बाकीचे झटपट सांगतो. चेहऱ्याच्या क्रीमवर सेटाइल अल्कोहोल दिसलं तर घाबरू नका. सोळा कार्बनची साखळी असलेला तो मेणासारखा पदार्थ त्वचा मऊ ठेवतो. बाममधला मेंथॉल अल्कोहोल आहे, जीवनसत्त्व अ म्हणजे रेटिनॉलही अल्कोहोल आहे. ओव्यातला थायमॉल आणि लवंगेतला युजेनॉल मात्र फिनॉलच्या कुळातले. त्यांचा OH थेट बेन्झीनच्या कड्यावर असतो, त्यामुळे गुणधर्म वेगळे.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे. दारूत मिथेनॉल आहे का, हे घरी ओळखता येतं का? नाही. वासावरून नाही, चवीवरून नाही, पेटवून ज्योतीचा रंग पाहूनही नाही. खात्रीने सांगता येतं ते प्रयोगशाळेतच. कुणाला शंका आली तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. फॉर्मिक आम्ल साठायला वेळ लागतो, त्यामुळे बारा ते चोवीस तास माणूस ठीक वाटू शकतो. त्या वेळात उपाय होऊ शकतो. फोमेपिझोल नावाचं औषध मिथेनॉलचं रूपांतर करणारं यकृतातलं विकर अडवतं. ते नसेल तर डॉक्टर मोजून इथेनॉल देतात. विकराची ओढ इथेनॉलकडे जास्त असल्याने मिथेनॉल तसंच राहतं आणि डायलिसिसने बाहेर काढता येतं. हा उपाय रुग्णालयातच करायचा, घरी दारू पाजून नव्हे. जाताना बाटली सोबत न्या, आणि सोबत आणखी कोण कोण प्यायलं होतं त्यांची नावं डॉक्टरांना सांगा, म्हणजे त्यांनाही वेळेत बोलावता येईल.